पुराच्या पाण्यात राहिलेल्या पद्मिनीच्या तळाला कोणते गंजरोधक कोटिंग करावे? (सांगली)

नमस्कार.

वडिलांची 1984 सालची प्रीमियर पद्मिनी सध्या सांगलीत एका डेंटरकडे पूर्ण मोकळी करून ठेवली आहे. इंजिन, गिअरबॉक्स, मागचे स्प्रिंगचे पाटे, पेट्रोलची टाकी, सायलेन्सर हे सारे उतरवले असून सडलेल्या फ्लोअरच्या जागी नवा पत्रा जोडण्याचे काम संपत आले आहे. आता तळाला काय लावावे आणि कोणत्या क्रमाने लावावे, याविषयी ज्यांनी असे काम स्वतः केले किंवा जवळून पाहिले आहे त्यांचा सल्ला हवा आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले (तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे), तेव्हा ही गाडी सीटच्या वरपर्यंत पाण्यात होती. नंतर ती धुतली, वाळवली. परंतु पद्मिनीला वेगळी चासी नसल्यामुळे तिचा सगळा भार दारांखालच्या पोकळ पेट्यांवर आणि फ्लोअरखालच्या बंद पट्ट्यांवर असतो, आणि नदीचा काळा गाळ नेमका तिथेच जाऊन बसला. हा गाळ वाळल्यासारखा वाटला तरी पावसाळ्यात पुन्हा ओल धरतो. त्यामुळे पत्रा आतून सडत गेला आणि बाहेरचा रंग मात्र शेवटपर्यंत शाबूत दिसत राहिला.

डेंटरचे म्हणणे असे की रेड ऑक्साइडचे दोन हात मारावेत आणि वर डांबरी कोटिंगचा जाड थर द्यावा; इथल्या बहुतेक गाड्यांना तेच करतात. त्याच्या पत्रेकामाविषयी माझी काहीही तक्रार नाही, पण हे मला पटत नाही. साधा रेड ऑक्साइड सच्छिद्र असल्याने ओल अडवत नाही. डांबरी थर काही वर्षांनी कडक होऊन तडकतो, तड्यांतून शिरलेले पाणी थराखालीच अडकते, आणि वरून सगळे काळेभोर, गुळगुळीत दिसत असताना खाली गंज पसरत राहतो.

माझ्या मनातला क्रम असा आहे: उघड्या पत्र्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत फटी बुजवणारा सीम सीलर, चाकांच्या वरच्या भागात खडीचा मार झेलणारे रबरी कोटिंग, आणि सर्वांत शेवटी पोकळ पेट्यांच्या आत मेण. मेण शेवटी, कारण त्यावर रंग धरत नाही आणि ते लावल्यावर जवळपास वेल्डिंग केले तर ते जळते. गंज खाणारे फॉस्फोरिक आम्ल लावायचे मी टाळले आहे, कारण ते नीट धुतले गेले नाही तर वरचा इपॉक्सी पकड घेत नाही. लहान ब्रॅकेटे मात्र साखर कारखान्यातल्या मळीत (मोलॅसिस) दहापट पाणी घालून भिजवली आणि ती छान निघाली. साखरपट्ट्यात राहण्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

परदेशी माहिती वाचून गोंधळ वाढतो, कारण तिथे मुख्य शत्रू बर्फासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ असते. आमच्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून रस्त्यावर येणारा चिखल, आणि क्वचित आंबा घाटातून रत्नागिरीकडे गेल्यास खारी हवा, इतकेच. अशा वापरासाठी सपाट फ्लोअरवरही रबरी थर द्यावा, की इपॉक्सीवर साधा रंग देऊन तळ तपासता येईल असा उघडा ठेवावा? दुसरे असे की बंद पेट्यांतला उरलेला गाळ काढण्यासाठी नवी भोके पाडली तर मजबुती कमी होईल का? आणि तिसरा प्रश्न हवेचा आहे: सध्या रोज झड लागलेली असताना इपॉक्सी मारावा, की ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहावी?

प्रतिसाद:

तुमचा क्रम योग्य आहे. फ्लोअरवर मी रबरी थर देणार नाही. जो तळ डोळ्यांनी दिसतो, त्याचा गंज वेळीच सापडतो. पेट्यांना नवी भोके पाडण्याआधी मूळची पाणी निघण्याची भोके शोधा. बहुधा ती गाळाने किंवा जुन्या कोटिंगने बुजलेली असतील. तिथून बारीक नळीने पाणी सोडून, निघणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवावे आणि मग हवेच्या दाबाने अनेक दिवस पुन्हा पुन्हा वाळवावे. तरीही भोक पाडावेच लागले तर ते काठाजवळ किंवा सांध्यावर नको. पेटीच्या सपाट बाजूच्या मध्यावर लहान पाडून कडेला प्रायमर लावा आणि रबरी बूच बसवा.

हवेबाबत रंगकामातला सर्वमान्य नियम असा की पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) किमान 3 अंश सेल्सिअस जास्त असावे आणि आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत असावी. झडीत हे जमत नाही. मात्र घासलेला उघडा पत्रा ऑक्टोबरपर्यंत ठेवला तर तो पुन्हा लाल होईल, म्हणून दोन दिवसांची उघडीप मिळताच शेडमध्ये हॅलोजन दिव्यांनी पत्रा कोमट करून एक हात इपॉक्सी मारून घ्या. पुढचा थर डब्यावर दिलेल्या मुदतीनंतर द्यायचा झाल्यास आधीचा थर पॉलिश पेपरने घासावा लागेल. कोटिंगच्या दिवशी ब्रेकचे नट, ग्रीसचे निपल, हँडब्रेकची केबल आणि पाण्याची भोके टेपने झाकायला सांगा; गॅरेजमधली मुले घाईत सरसकट फवारतात.