मदत हवी आहे: पाळी जाताना होणारा त्रास आणि 'पिशवी काढून टाका' हा सल्ला

नमस्कार. वय ४८, सांगलीजवळच्या शाळेत शिकवते. वर्षभरात पाळी तीनदाच आली, शेवटची पाच महिन्यांपूर्वी. फळ्यावर गणित लिहिता लिहिता छातीतून एकदम वाफ उसळते, मानेपर्यंत चढते आणि ब्लाउज पाठीला चिकटतो. परवा पहिल्या बाकावरची मुलगी पाण्याची बाटली घेऊन उठली, "बाई, जरा बसा ना." रात्री उशीवर टॉवेल टाकून झोपते, तरी तीनला जाग येतेच.

दोन डॉक्टर झाले. पहिल्यांनी "या वयात व्हायचंच, मन रमवा" म्हणत कॅल्शियम लिहून दिलं. माझं बोलणं संपायच्या आत पुढच्या पेशंटला हाक गेली. दुसऱ्यांना सोनोग्राफीत दोन सेंटिमीटरची गाठ दिसली. अंगावरून जास्त जात नाही, दुखतही नाही. तरी म्हणाले, "आता पिशवीचं काय काम? काढून टाका." पिशवी काढल्यावर या वाफा थांबतील का, असं विचारलं, तर उत्तर मिळालं नाही. दोघांपैकी कुणीही बीपी पाहिलं नाही, थायरॉइड तपासायला सांगितलं नाही. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग होता का, हेही विचारलं नाही.

माझी मावशी बीडकडची, ऊसतोडीला जायची. पस्तिशीतच तिची पिशवी काढली, अंडाशयांसकट. आज तिला जिना चढवत नाही. तिकडे अशा इतक्या बायका निघाल्या की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून सही करायला हात धजत नाही.

या वाफांवर हार्मोनचं औषध असतं, पण नणंद म्हणते त्याने कॅन्सर होतो. वाचलं तेव्हा कळलं की ही भीती २००२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासानंतर पसरली आणि त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतं, त्वचेवर लावायच्या जेलने गुठळीचा धोका गोळ्यांपेक्षा कमी असतो, हेही वाचलं. मला चालेल की नाही हे डॉक्टरांनी तपासून सांगावं, एवढंच मागणं आहे.

तुमच्यापैकी कुणी जेल वापरलंय का? किती दिवसांत फरक पडला? गाठ असताना चाललं का? आणि सांगली, मिरज, कोल्हापूर भागात पंधरा मिनिटं शांतपणे ऐकून घेणारे कुणी स्त्रीरोगतज्ज्ञ माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुढच्या सोमवारी ऑपरेशनची तारीख कळवायची आहे.