मोटरहोम: स्टिअरिंग डावीकडे की उजवीकडे?

प्रश्न: आम्ही दोघं ब्रिटनमध्ये राहतो. निवृत्तीनंतर जुनं मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) घ्यायचंय. चार महिने फ्रान्स-स्पेन, बाकी इथेच. आवडलेल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आहे. घ्यावी का?

उत्तर १: मी सहा वर्षं तशीच चालवतोय. युरोपात रहदारी उजवीकडून, त्यामुळे तिथे सुख! टोलनाक्याची खिडकी आपल्याच बाजूला, ओव्हरटेक करताना पुढचं नीट दिसतं. ब्रिटनमध्ये मात्र तिरक्या जोडरस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागताना उजवीकडून येणारं काही दिसत नाही, मध्ये गाडीचीच भिंत. बायको वाकून बघते, "थांब... थांब... आता जा!" (संसार टिकून आहे अजून.)

उत्तर २: स्टिअरिंग राहू दे, आधी दार बघा. युरोपीय बनावटीत राहत्या भागाचं दार बहुधा उजवीकडे असतं. इथे रस्त्याकडेला थांबलात की उतरताना पाय थेट रहदारीत. शिवाय हेडलाइटचा झोत उजवीकडे चढणारा, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत. तसाच ठेवलात तर एमओटीत (इथली गाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी) नापास.

प्रश्नकर्ता: फोटो पुन्हा पाहिले, दार उजवीकडेच! शनिवारी परत बघायला जातोय. या वेळी बायकोला शेजारच्या सीटवर बसवून चालवून बघतो, "आता जा" ती म्हणेल की नाही ते कळेल.