उ: एल्कसाठी ६.५ क्रीडमूर ६०० यार्डांवर पुरेल का?

प्रश्न एल्कच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाच्या शिकारीचा आहे. क्रीडमूर (रायफलचं एक काडतूस) नेम चांगला धरते असं म्हणतात, ते मान्य. पण १४३ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी २७०० फूट/सेकंदाने निघाली तरी ६०० यार्डांवर ऊर्जा १२०० फूट-पौंडांच्या आसपासच उरते. एल्कसाठी बरेच शिकारी किमान १५०० धरतात. म्हणजे क्रीडमूरची हद्द साधारण ४०० यार्ड. ७ एमएम पीआरसी या जास्त ताकदीच्या काडतुसाची १७५ ग्रेन गोळी ३००० फूट/सेकंदाने सुटते आणि ६०० यार्डांवर तिची ऊर्जा १८०० च्या वर राहते.

मात्र ऊर्जेपेक्षा मी तिथला वेग आधी बघेन. बहुतेक शिकारी गोळ्या १८०० फूट/सेकंदाखाली नीट फुलत नाहीत, बारीक भोक पाडून आरपार जातात आणि जनावर जखमी होऊन पळतं.

जुन्या .२७० विंचेस्टर रायफलमध्ये लांब, जड गोळी घालण्याआधी बॅरलचा ट्विस्ट, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा पीळ, तपासा. १० इंचांना एक फेरा असेल, तर फार लांब, जड गोळ्या सहसा स्थिर होत नाहीत. निशाण्याच्या कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, आडवं भोक दिसलं की समजायचं.

.३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम, जास्त दारूचं ताकदवान काडतूस) हेही उत्तम, पण खांद्याला धक्का जोरदार. खांदा आधीच आखडत असेल तर मॅग्नमच्या नादी लागू नका. आणि वारा ओळखता येत नसेल तर कुठलंही कॅलिबर घ्या, ६०० यार्ड लांबच आहेत.