इस्रायलच्या शाळेतला हनुक्का आणि आमची चौथी: पोट्ट्यांना काय करू द्यावं?

वऱ्हाडी_मास्तर
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्या चौथीचा इस्रायलमधल्या दिमोना गावातल्या एका प्राथमिक शाळेशी व्हिडिओ कॉल ठरतोय, त्यांच्या हनुक्कात, म्हणजे यहुद्यांच्या दिव्यांच्या सणात. तिकडच्या बाईंची आजी मराठी बोलायची, म्हणून सूत जुळलं. पोट्ट्यांनी डोकं खाल्लंय: "गुर्जी, त्यायची दिवाळी असते का?" एकीनं तर मातीच्या नऊ पणत्या करून आणल्या. माझा बेत असा की आपल्या पोरांनीही दिवे लावावेत, त्यांची प्रार्थना पाठ म्हणावी. मुख्याध्यापक म्हणतात, दुसऱ्याच्या धर्माचं आहे, जपून. शिवाय डिसेंबरात अर्धा वर्ग मायबापासंग कापूस वेचायला जातो, तेव्हा दिवस आणि वेळ नेमकी पाहिजे. आणि त्या सणातला तो भवरा काय भानगड आहे?

दिमोनाची_मावशी
शालोम गुरुजी! 2026 मध्ये पहिला दिवा 4 डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी. प्राथमिक शाळांना हनुक्कात सुट्टी लागते, म्हणून शाळेतला कार्यक्रम बहुतेक आधीच उरकतात. कॉल गुरुवारीच ठेवा. तुमचे साडेअकरा म्हणजे आमचे सकाळचे आठ. खरे दिवे घरी लावतात, एरवी सूर्य मावळल्यावर, शुक्रवारी मात्र मावळायच्या आधी. शाळेत गाणी, नाटुकलं आणि आत जॅम भरलेले तळलेले सुफगानियोत. पोरांचे हात दिवसभर साखरेचे!
भवरा म्हणजे सेविवोन. चार बाजूंना चार अक्षरं. नून आलं तर काही नाही, गिमेल आलं तर सगळा ढीग तुमचा, 'हे' नावाचं अक्षर आलं तर अर्धा, पे आलं तर पदरचा एक टाकायचा. चिंचोके घेऊन खेळवा. मुख्याध्यापकांनी जुगार म्हटलं तर माझं नाव सांगा.

ठाण्याचा_बेने_इस्रायली
सर, दिवाळी म्हणू नका. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अँटिओकस राजानं यहुदी धर्मावर बंदी घातली, जेरुसलेमचं मंदिर विटाळलं. मक्काबी नावाच्या यहुदी बंडखोरांनी लढून ते परत घेतलं, शुद्ध केलं. एका दिवसापुरतं तेल आठ दिवस पुरलं, ही कथा तलमूद या आमच्या जुन्या धर्मग्रंथातली. एरवी सण तसा धाकटा, कामधंदा बंद नसतो.
गंमत आमची. कोकणात आम्ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी यहुदी, तेलाचे घाणे चालवायचो, शनिवार आमचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली'. पण तेलाचा हा सण पूर्वजांना ठाऊकच नव्हता! हनुक्का सुरू होण्याआधीच ते इस्रायलच्या भूमीतून निघाले होते, असं आमच्यात सांगतात. पुढे बाहेरच्या यहुद्यांकडून शिकलो. आमच्या घरी खोबरेल तेलात वाती लागतात.
प्रार्थना मात्र पाठ करून घेऊ नका. त्यात देवानं आम्हाला ही आज्ञा दिली असं म्हणतात, ती तुमच्या लेकरांनी कशाला म्हणायची? पणत्या खुशाल दाखवा. आठ एका ओळीत, नववी शमाश जरा उंच, तिनं बाकीच्या पेटवतात.

भंडाऱ्याची_बाई
मास्तर, गणित सोडू नका हं. पहिल्या रात्री एक अधिक शमाश, दुसऱ्या रात्री दोन अधिक शमाश... आठ रात्रींच्या मेणबत्त्या किती? 44. माझ्या पोट्ट्यांनी बोटांवर मोजून 36 सांगितलं, शमाश विसरले!
आणि त्यांचंच काय दाखवता? तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल आणायला सांगा. चाकाचा बैल पाहून तिकडची पोरं खुर्चीत बसणार नाहीत.

वऱ्हाडी_मास्तर
प्रार्थना रद्द, बैल पक्के. सुताराले भवरे सांगतो, अक्षरं मावशींनी फोटोतून पाठवावीत. गुरुवारी वेचणीवाल्या मायबापांना एक दिवस लेकरं सोडायला सांगणं, ते काम माझ्याकडं. चिंचोके गोळा करणं सुरू झालंय, मधल्या सुट्टीत भांडणं पण.

दिमोनाची_मावशी
पाठवते. सुताराला सांगा, दांडी वर, टोक खाली. दोरी लागत नाही, चिमटीनं फिरवायचा.