दत्तक लेकीसाठी थेरपिस्ट हवा आहे, निवडताना काय बघावं? (पुणे)

नमस्कार मंडळी,

आमची लेक सहा वर्षांची असताना 'कारा'मार्फत (दत्तक प्रक्रिया बघणारी केंद्र सरकारची संस्था) विदर्भातल्या एका संस्थेतून घरी आली. आता साडेआठ वर्षांची आहे. पहिली दोन वर्षं नियमाप्रमाणे दर सहा महिन्यांनी सोशल वर्कर यायच्या, अहवाल लिहायच्या. तेव्हा ती इतकी शहाण्यासारखी वागायची की अहवालात लिहायला काही नसायचं. तो पाठपुरावा संपला आणि मग सगळं वर यायला लागलं.

उशीखाली पोळ्या सापडतात, कपड्यांच्या घड्यांत बिस्किटं. आवाज जरा चढला की "मला परत सोडणार का?" लिफ्टमधल्या अनोळखी काकूंच्या गळ्यात पडते, पण मी जवळ घेतलं की अंग चोरते. (खरं सांगू, मला हेच जास्त लागतं.) त्यात शाळेने 'माझं कुटुंब' प्रकल्पासाठी तान्हेपणीचा फोटो मागवला. आमच्याकडे तिचा सगळ्यात जुना फोटो 'कारा'च्या पोर्टलवरचा, सहा वर्षांचा. त्या रात्री तिने आमच्या लग्नाचा फोटो फाडला.

एका समुपदेशकांनी पहिल्याच भेटीत एडीएचडी (अतिचंचलता, लक्ष न टिकणं) म्हणून टाकलं. दुसरीकडे तिला एकटीला आत नेतात, आम्ही बाहेर बाकावर, आणि शेवटी "छान चाललंय" एवढंच कळतं. सासूबाईंचा तिच्यावर फार जीव, पण त्या म्हणतात, "जुनं उकरू नका, आपोआप विसरेल."

दत्तक मुलांसोबत काम केलेली व्यक्ती कशी ओळखायची? आणि आम्हीही सत्रात बसायचा आग्रह धरावा का?

प्रतिसाद १
ताई, आमचा मुलगा सात वर्षांचा असताना आला. खाणं लपवण्यावरून रागावू नका आणि पकडूही नका. तिच्या खोलीत तिच्या मालकीचा एक डबा ठेवा, रिकामा झाला की तिच्यासमोर भरा. आमच्याकडे चोरून ठेवणं हळूहळू थांबलं, डबा मात्र अजून आहे. शाळेला दोन ओळींची चिठ्ठी द्या: तान्हेपणीच्या फोटोऐवजी 'आवडता फोटो' चालेल का? बहुतेक बाई समजून घेतात.

प्रतिसाद २
मी लहान मुलांसोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. आग्रह जरूर धरा. या वयात आईबाबांशी नातं घट्ट होणं हाच उपचाराचा गाभा असतो, मग तुम्हाला बाहेर बसवून कसं चालेल? सतत सावध राहणारं मूल वरवर चंचल दिसतं, त्यामुळे एडीएचडीचा शिक्का घाईने मारला जातो. तो असूही शकतो, पण आधीच्या सहा वर्षांची चौकशी न करता कोणी सांगत असेल तर दुसरं मत घ्या. फोनवरच विचारा: दत्तक कुटुंबांसोबत काम केलंय का, पालकांना सत्रात घेता का, भारतीय पुनर्वास परिषदेची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणारी सरकारी संस्था) नोंदणी आहे का. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा 'संवाद' हा उपक्रम अडचणीतल्या मुलांसाठीच आहे, तिथेही विचारून बघा. रात्री-अपरात्री तुमचाच धीर सुटला तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सासूबाईंना सांगा, ती विसरलेली नाही, बोलत नाही एवढंच. दत्तकाच्या वेळी मिळालेला चाइल्ड स्टडी रिपोर्ट (संस्थेने लिहिलेली तिची पूर्वमाहिती) काढा आणि त्यावरून तिच्यासोबत 'माझी गोष्ट' अशी वही करा. संस्थेचं गाव, सांभाळणाऱ्या मावशी, तिथल्या मैत्रिणी. माहीत नसेल तिथे पान कोरं सोडा, गोड कहाणी रचू नका.

धागाकर्ती
दोघांचे आभार. डबा आजच आणते. रिपोर्ट काढून वाचला. जन्मदात्या आईबद्दल त्यात तीनच ओळी आहेत आणि त्यातली एक फार कठीण आहे. साडेआठ वर्षांच्या मुलीला त्यातलं किती सांगायचं? की ते थेरपिस्टसमोरच बोलावं?