मदत हवी आहे: जुन्या सराईतल्या खोलीत इन्फ्रासाउंड (२० हर्ट्झखालचा, कानाला ऐकू न येणारा आवाज) कशाने मोजावा?

प्रेमभंगाने झुरून गेलेल्या बाईचं भूत वावरतं, अशी आख्यायिका असलेल्या दुमजली लाकडी सराईची तपासणी चालू आहे. तक्रारी वरच्या एकाच खोलीच्या: मध्यरात्रीनंतर पावलं वाजतात, छातीवर दडपण येतं, डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसते.

पावलांचा उलगडा झालाय. रात्री गारवा वाढला की तुळया आकसतात, सांध्यांपाशी टकटकतात. तापमानाच्या नोंदी आणि रेकॉर्डिंग जुळतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाशी ठेवून पाहिला, काही नाही. (जिथे शेगडी असेल तिथे हे सर्वांत आधी तपासा. दडपण, भास दोन्ही त्यातून होऊ शकतात आणि जीवही जातो.)

उरला इन्फ्रासाउंड. ब्रिटिश अभियंता विक टँडी यांनी १९९८ मध्ये अशाच भासांचा संबंध पंख्यामुळे तयार झालेल्या सुमारे १९ हर्ट्झच्या स्थिर लहरीशी (खोलीत जागच्या जागी घुमणाऱ्या ध्वनिलहरीशी) जोडणारं प्रकरण मांडलं होतं. इथेही खाली एक्झॉस्ट फॅन रात्रभर चालतो आणि खोलीची लांबी ९ मीटर, म्हणजे पहिला अनुनाद (ज्या वारंवारतेला खोलीत आवाज घुमून वाढतो ती) १९ हर्ट्झच्याच आसपास. फोनचा माइक २० हर्ट्झखाली भरवशाचा नाही. भिंतीला, छताला काहीही ठोकायची परवानगी नाही. फॅन मात्र हवा तेव्हा बंद करता येतो.

खाली ५ हर्ट्झपर्यंत सपाट प्रतिसाद देणारा (सगळ्या वारंवारता सारख्याच टिपणारा) मापन-माइकच लागेल, की डिफरन्शियल प्रेशर सेन्सरने (दाबातला फरक मोजणाऱ्या) भागेल? आणि तो भिंतीलगत ठेवावा की पलंगापाशी?