मासे खाल्ल्यावर अंग आखडणं आणि चहासारखी लघवी

प्रश्न: नीट शिजवलेला मासा खाऊन काही तासांत मान-पाठ-मांड्या आखडतात, लघवी काळ्या चहासारखी होते, ताप मात्र नाही. ही नेहमीची विषबाधा आहे का?

प्रतिसाद १: नाही, हा हाफ आजार वाटतो, म्हणजे मासे खाल्ल्यावर स्नायू फुटण्याचा आजार. १९२४ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर क्योनिग्सबर्गजवळ (आजचं रशियातलं कालिनिनग्राड) पहिल्यांदा नोंदला गेला. पुढे अमेरिकेत बफेलो फिश, ब्राझीलमध्ये तांबाकी मासा, चीनमध्ये क्रेफिश (गोड्या पाण्यातला शेवंडीसारखा प्राणी) खाल्ल्यावरही दिसला. खाल्ल्यापासून साधारण २४ तासांत स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन हे लालसर प्रथिन लघवीत उतरतं. विष उष्णतेने जात नाही. उकळा, तळा, काही फरक पडत नाही. चव-वासावरूनही कळत नाही.

प्रतिसाद २: रक्तात सीपीके (स्नायू फुटल्यावर वाढणारं एन्झाइम) बघा, नॉर्मलच्या पाचपटीहून जास्त, बरेचदा हजारोंत असतो. लघवी तपासायच्या पट्टीवर मायोग्लोबिनमुळे रक्त पॉझिटिव्ह येतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नसतात. इथेच अनेकदा फसगत होते, मुतखडा समजून रुग्ण घरी जातो! सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), पोटॅशियम आणि ईसीजी हवाच. पोटॅशियम चढलं की हृदयाची लय बिघडते.

प्रतिसाद ३: यावर उतारा नाही. लगेच रुग्णालयात शिरेतून सलाईन, तासाला २०० ते ३०० मिली लघवी होईल इतकं. हृदय कमकुवत असेल तर वेग डॉक्टर ठरवतील. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन कृपा करून घेऊ नका, आधीच ताणलेल्या मूत्रपिंडावर घाव बसतो. उरलेला मासा फेकू नका. पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, प्रयोगशाळेला तोच लागतो.